लॅपटॉपला कान लावणारे मामा

लॅपटॉप सुरू केला की मामा आधी त्याला कान लावायचे. डोळे मिटून. "आधी ऐकायचं, मग बोलायचं," हे वर. पावणे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर, सगळ्यांचेच मामा. आवाजावरून बेअरिंग गेलंय की पट्टा, हे सांगणारा माणूस. पण लॅपटॉपचं काय ऐकणार, सांगा? पंखा घरघरायचा, एवढंच.

झालं असं, की कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन आलं. त्यावर राहायचं तर थोडं कोडिंग शिकून परीक्षा द्यायची. नापास झाला तो पॅकिंगला. मामांच्या लेखी पॅकिंग म्हणजे जिवंतपणी फोटोला हार. "पोरी, खोकी चिकटवाय आलो व्हय मी साताऱ्यासनं?" ऑफिसातले कॉम्प्युटर मी बघायची, म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात पडली.

लॅपटॉप मामांच्या जावयाने टाकून दिलेला. वायर काढली की बॅटरी राम म्हणायची, मध्येच सगळं हँग. मी वैतागायची. मामा म्हणायचे, "दमलाय गडी," आणि चहाला जायचे. चुकीची लाल ओळ आली तर उलट खूश! "बघ, सांगतंय बिचारं कुटं दुखतंय."

परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर. खंडेनवमीला मी म्हटलं, मामा, आज तरी सराव करा.

"छ्या! आज हत्याराला हात लावत नस्त्यात."

लॅपटॉप उघडून पूजा मांडलेली. हळद, कुंकू, झेंडू आणि थेट बटणांवर मूठभर अक्षता. मी कपाळाला हात लावला.

परीक्षेत कंस बंद करायचं बटणच दबेना. ओळीओळीला चूक. साहेब घड्याळ बघायला लागले, मी दारातून बघत होते. मामांनी बटण पुन्हा दाबलं, कान लावला. "कचकतंय." खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी बटण उचकटलं. खाली तांदळाचा दाणा!

"हात्तिच्या! आमचंच पुण्य आडवं आलं."

मामा पास झाले. दोन वर्षं ते मशीन ऐटीत चालवलं आणि निवृत्त होऊन गावी गेले. कारखान्यात आता करमत नाही, खरंच सांगते.

काल ते मशीन बंद पडलं. नवा इंजिनियर सगळ्यांवर ओरडायला लागला, तेवढ्यात पडद्यावर मामांनी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेली ओळ आली: 'ओरडू नका. आधी ऐका.'

मी पुढे झाले, मशीनचं चाक हातानं फिरवलं आणि कान लावला.

बेअरिंग होतं. ऐकू आलं हो, मामा.