बकरीने पास केलेली वाफ

अख्ख्या झाडीपट्टीत माझ्या इवायाइतका हुशार माणूस नाही आणि त्यांच्याइतका येडाही नाही. ह्या दोन्ही गोष्टी देवाने एकाच डोक्यात काऊन कोंबल्या, ह्याचा मला अजून राग येतो. इवाई म्हणजे तुमच्याकडचे व्याही. माझी सुमन त्यांच्या घरी दिली आहे. त्याआधी आम्ही एका बांधावर बकऱ्या चारलेले, एकमेकांना शिव्या देत मोठे झालेले दोस्त. पण लग्न लागलं आणि मी पोरीचा बाप झालो. पोरीच्या बापाने इवायाला उलटून बोलायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत आहे. पोरगी देताना सोबत जीभही देऊन टाकली असं समजायचं. मी चौथी शिकलेला माणूस, पण रीतीचा पक्का. म्हणून त्यांच्याबद्दल जे तोंडाने बोललो नाही ते इथे लिहून मोकळा होतो.

आधी त्यांच्या गळ्याचं सांगतो, नाहीतर बाकीचं कशासाठी चाललं होतं ते कळणार नाही. दिवाळी झाली की आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि दुपारी दंडार, आमचं नाचगाण्याचं नाटक, उभी राहते. दंडारीचा गण इवायांनीच म्हणायचा, दुसऱ्याने म्हटला तर लोक उठून जिलेबी खायला जातात. गणाच्या शेवटी ते एक तान घेतात. ती तान सुरू झाली की पहिल्या रांगेत बसलेला मी पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटायला घेत असे. माझा खर्रा घोटून तोंडात जाईपर्यंत त्यांची तान तुटायची नाही. ही आमची जुनी पैज होती. मंचावरून त्यांचा डोळा गणपतीकडे नसायचा, माझ्या हाताकडे असायचा. मी खर्रा तोंडात टाकला की मगच ते समेवर येत आणि भिवया अशा उडवत की जणू मला कुस्तीत चीत केलं.

असा गळा असलेला माणूस जन्मभर बिडी ओढत आला. ती एकदाची सोडली तेव्हा मी सुमनच्या हाती पेढे पाठवले. पुढच्या आठवड्यात जाऊन पाहतो तर ओसरीवर बसून हे एका नळीतून धूर काढून राह्यले. कोणीतरी नागपूरहून आणून दिलेली ती विजेची सिगारेट. मी म्हटलं, "इवाई, याच्यावर तं सरकारनं बंदी घातली न?"

"थे इकाले बंदी हाये. अन् हा धूर नाई इवाई, वाफ व्हय. भजे तळतानी सुमनच्या तोंडावर याच्याऊन जास्त जाते."

नळीत भरायचं पाणी विकत मिळेना, म्हणून ते घरीच करायला बसले. ह्या माणसाने आयुष्यात विकतची गोष्ट कधी धड वापरली नाही. सायकलचा पंप मोडून पिचकारी केली, सुमनच्या लग्नातल्या पंख्याचं मांडवातच धान उफणायचं यंत्र केलं आणि वऱ्हाडी मंडळींच्या डोळ्यात कोंडा घातला. आता मेडिकलमधून ग्लिसरीन आलं, केकवाल्याकडून वासाच्या बाटल्या आल्या. व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, लोण्याचा वास. प्रत्येक बाटलीवर फळाचं नाहीतर फुलाचं चित्र. चित्र काढायला काय जातं? विषाच्या बाटलीवरही आंबा काढता येतो. पण इवायांना मी तसा गाफील माणूस म्हणणार नाही. कोणता वास सुरक्षित आणि कोणता नाही, हे ते रीतसर तपासून घेत होते. तपासणारी होती त्यांची बकरी.

हसू नका. पावसाळ्यात आमच्या जंगलात सात्या निघतात, जमिनीतून उगवणाऱ्या छत्र्या. जनावराने तोंड लावलं ती सात्या खायची, नाही लावलं ती सोडायची, असं जुने लोक सांगतात. हा नियम सात्यालाही पुरत नाही, तो पाळून गावातली एक-दोन घरं उलट्या करत दवाखान्यात गेलेली मी पाहिली आहेत. पण इवायांनी तोच नियम वासाला लावला. भाकरीच्या तुकड्यावर दोन थेंब टाकायचे आणि तो बकरीसमोर धरायचा. खाल्ला तर पास. निलगिरीला तिने तोंड फिरवलं, निलगिरी नापास. व्हॅनिला पास. लोणी पास. स्ट्रॉबेरीला तर ती बोटासकट ओढायला लागली. "पाहा, कशी मेरिट देऊन राह्यली," इवाई म्हणाले. अरे, ह्या बकरीने माझा धुतलेला दुपट्टा खाल्लेला. निवडणुकीत सगळ्या पक्षांचे कागद तिने सारख्याच चवीने खाल्ले. तिच्या पास करण्याला काय किंमत? पण मी पोरीचा बाप. चहा प्यायलो आणि घरी आलो.

त्यांना मात्र बाजारचा कोणताच वास मनातून पटत नव्हता. त्यांना हवा होता मोहफुलाचा, चैतात पहाटे झाडाखाली पडतो तसा. फुलांचा रस टाकून पाहिला, तर त्यातला गोडवा नळीत करपून काळा झाला. मग त्यांनी डोकं चालवलं. मोहाच्याच बियांचं तेल घेतलं, त्यात फुलं मंद कढवली, वास तेलात उतरला आणि ते तेल नळीत घातलं. बकरीने ते लावलेले भाकरीचे तुकडे खाऊन बाटलीचं झाकणही चाटलं. इवाई गावभर सांगत सुटले, "ह्या तेलातले वडे खाऊन आपून मोठे झालो. पोटाले चालते थे छातीले काऊन नाई चालन?" आणि लोक माना डोलवत होते! शिकलेले, पँट घातलेले लोक. ऊर्जानगरला नोकरी करणारा माझा जावईसुद्धा म्हणाला की बाबांनी बिडी तर सोडली. मला इतका संताप आला की मी जेवायला न थांबता निघालो.

पावसाळा सरता सरता खोकला लागला. दंडारीच्या तालमीत गणाची तान सुरू झाली आणि अर्ध्यात फाटली. पेटीवाला सूर धरून बसला, सगळे खाली पाहू लागले. इवाई हसून म्हणाले, "थंडी बाधली," आणि खिशातून ती नळी काढली.

तेव्हा मी रीत सोडली. सगळ्यांसमोर त्यांना हात धरून त्यांच्याच अंगणात नेलं आणि बकरीपुढे उभं केलं. "अबे, बकरीनं खाल्लं, खाल्लं म्हनते. वढलं काय तिनं? तिच्या नाकावर सोड न!"

एवढ्या वर्षांनी माझ्या तोंडून 'अबे' ऐकून ते गडबडले. पण हट्टी माणूस. मोठा दम घेतला आणि बकरीच्या तोंडावर वाफ सोडली. बकरी फडाफड शिंकली, दोर ताणून गोठ्यामागे पळाली आणि खुंटा उपटून सोबत घेऊन गेली.

इवायांनी नळी खिशात टाकली. मग म्हणाले, "आज तिची तब्येत बरी नाई."

तब्येत बरी नव्हती ती यांची. चार दिवसांनी सुमनचा फोन आला, तापाने फणफणले आहेत आणि ओसरीवरून विहिरीपर्यंत चालवत नाही. चंद्रपूरला नेलं. डॉक्टरीणबाईने छातीचा फोटो काढला, काय ओढता विचारलं आणि तेलाचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. "बाबा, तेल पोट पचवतं. छातीला पचवता येत नाही. ते तिथेच बसून राहतं आणि आत सूज येते."

"मंग बिनतेलाचा वास?"

"खायचे वास खाण्यासाठी तपासलेले असतात, ओढण्यासाठी नाही. तो लोण्याचा वास बिस्किटात चालतो, छातीत वाईट."

"हो न, पन एखादा तं चालत असन? तेवढा सांगा बाई, मी तोच घेतो."

"एकही नाही. नळीच नको."

इवायांनी माझ्याकडे मान वळवली. नाकाला ऑक्सिजनची नळी, तरी डोळे तेच. "इवाई, ही बाई बकरीऊन कडक हाये." आणि मग, मी हसतो आहे हे पाहून, "अन् तुमचा खर्रा? थो कोन्त्या बकरीनं पास केला?"

डॉक्टरीणबाईही माझ्याकडे पाहू लागली. पोरीच्या बापाने इवायाला उलटून बोलू नये, ही रीत अशा वेळी फार कामाची आहे.

ते घरी आले. नळी त्यांनी स्वतः सुमनच्या हातात दिली आणि तिने ती कुठे टाकली हे कोणी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं की सूज हळूहळू उतरेल, पण दम पहिल्यासारखा येईलच असं नाही. मंडईला सगळे म्हणाले, यंदा गण दुसऱ्याला म्हणू द्या. हे ऐकतील तर इवाई कसले. दुपारी फेटा बांधून मंचावर उभे राहिले. फेट्याखालचं तोंड एवढंसं झालं होतं. गण बरा चालला, पेटीवाल्याने सूर खाली घेतला होता. मग शेवटची तान आली. त्यांनी नेहमीसारखं माझ्या हाताकडे पाहिलं आणि मी पन्नी काढून घोटायला लागलो.

सुपारी अजून खडखडत होती, चुना एका कोपऱ्यात तसाच पांढरा होता, आणि मला ऐकू आलं की तानेच्या टोकाला सूर थरथरायला लागला आहे. मानेच्या शिरा दिसत होत्या. डोळा माझ्या हातावरच होता. तसे आम्ही दोघेही हट्टी, पैज कोणी कोणाला कधी सोडली नाही.

मी पन्नी उघडली आणि तो कच्चा, न घोटलेला खर्रा तसाच तोंडात टाकला.

इवाई समेवर आले. भिवया उडवल्या. मी जोरात मान हलवली. सुपारीने दाढ दुखत होती, चुन्याने जीभ पोळली होती, आणि डोळ्यांत जे पाणी आलं ते चुन्याचंच होतं, असं मी बाजूला बसलेल्या सुमनला सांगितलं.