‘काही नाही, जा घरी’

“काही नाही. जा घरी.”

असं म्हणून आमचे सर टेबलावर दोन बोटांनी टकटक करायचे आणि पुढच्या पेशंटकडे बघायला लागायचे. आधीचा पेशंट अजून खुर्चीतच असायचा. आठवडाभर झोप उडालेला, मुलाला रजा टाकायला लावून आलेला, मनातल्या मनात सगळ्यांचा निरोपही घेऊन झालेला तो माणूस एवढ्याशा शब्दांनी उजळून निघायचा. दाराबाहेर पडता पडता बायकोला म्हणायचा, “काही नाही म्हणाले!” तुम्हीही असे डॉक्टर पाहिले असतील. त्यांचं औषध नंतर लागू पडतं, शब्द आधी.

मी त्यांच्या कॅथलॅबमध्ये सिस्टर होते. हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची आणि चोंदल्या असतील तर उघडायची ती खोली. मनगटातून किंवा मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्यातून औषध सोडायचं, की समोरच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची सावली उमटते. सावली जिथे बारीक झाली असेल तिथे फुगा फुगवायचा आणि धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायची. हे सगळं होताना पेशंट जागा असतो. टेबलावर घेतलेल्या घाबऱ्या माणसाला सर विचारायचे, “काय, रात्री झोप लागली का?”

“नाही हो, डॉक्टर.”

“मग आता काढा. मी जागा आहे.”

सरांची जीभ पक्की पुण्याची होती. कोथरूडच्या एका गृहस्थांनी एकदा सांगायला सुरुवात केली, “डॉक्टर, मी इंटरनेटवर वाचलं की...” सर म्हणाले, “छान. मग नळीही त्यालाच घालायला सांगा.” गृहस्थ गप्प झाले, आणि पुढं बरे होऊन वर्षानुवर्षं तीच गोष्ट अभिमानानं सांगत फिरले. सरांची बोलणी खाल्ल्याशिवाय उपचार पूर्ण झाल्यासारखं लोकांना वाटायचंच नाही. आणि हातात कसब असं, की वाकड्यातिकड्या रक्तवाहिनीतून त्यांची नळीतली बारीक तार जायची ती बघत राहावी. बाहेरगावचे डॉक्टर येऊन नुसते मागे उभे राहायचे.

अशात आमच्याकडे एक नवं यंत्र आलं. सोनोग्राफीच, पण रक्तवाहिनीच्या आत जाऊन करायची. त्याच्याबरोबर एक नवी डॉक्टरही आली. शिकून नुकतीच परतलेली, स्कूटीवरून यायची, बोलायची हळू पण मुद्दा सोडायची नाही. ती म्हणाली, “सर, बाहेरून आपल्याला नुसती सावली दिसते. आतून भिंत दिसते. जाळी भिंतीला टेकली का, पूर्ण उघडली का, तेही कळतं.”

“मला सावलीवरून माणूस ओळखता येतो,” सर म्हणाले.

हे गर्वाचंच बोलणं होतं, पण नुसतं गर्वाचं नव्हतं. ती आत घालायची नळी महाग, एकदा वापरली की टाकून द्यायची. “पेशंटच्या डोक्यावर हा भार कशाला? आपल्या हौसेसाठी?” असं ते मनापासून म्हणायचे. यंत्र कोपऱ्यात उभं राहिलं. कॅथलॅब थंडगार असते, त्यामुळे सर घरून स्वेटर घालून यायचे. आत आले की तो काढून त्या यंत्रावर टाकायचे. महिन्याभरात त्याला कुणी यंत्र म्हणेनासं झालं. “सरांची खुंटी” म्हणायचे.

बुधवार पेठेत रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांच्या वडिलांचंही तिथेच दुकान होतं. त्यांना सरांनी जाळी बसवली होती आणि सगळं छान झालं होतं. काही महिन्यांनी ते पुन्हा आले. जिना चढताना छाती भरून येते म्हणाले. कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं, त्यातही काही धरण्यासारखं निघालं नाही. सरांनी टकटक केलं. “काही नाही. जा घरी.”

ते पुन्हा आले. मग आणखी एकदा. त्या वेळी बरोबर चाची होत्या, दोन मुलगे होते, सून होती. ओपीडी तुडुंब भरलेली. चाचा म्हणाले, “डॉक्टरसाहेब, काहीतरी आहे हो. मला जाणवतंय.”

सर कागद बाजूला ठेवत म्हणाले, “चाचा, तुमच्या छातीत काही नाही. दुकानात जायचा कंटाळा आला असेल तर घरच्यांना तसं सरळ सांगा. माझ्या नावावर सुट्टी कशाला काढता?”

सून पदराआड हसली. मुलगे मोकळेपणानं हसले. चाचीसुद्धा हसल्या, बिचाऱ्या सुटल्यासारख्या हसल्या, कारण नवरा धडधाकट आहे हेच त्या हसण्यात होतं. चाचाही हसले. उठताना त्यांनी सरांना नमस्कार केला.

नंतर बरेच दिवस ते आले नाहीत. आले ते थोरल्या मुलानं आणले म्हणून. दुकानाच्या पायरीवर घामाघूम होऊन बसलेले सापडले होते. सरांनी लगेच टेबलावर घेतलं, नळी घातली, औषध सोडलं. पडद्यावर सावली उमटली. जाळी बसवली होती तिथे किंचित धूसर होतं, पण रस्ता उघडा दिसत होता.

“बघा. मोकळा आहे,” सर म्हणाले.

नवी डॉक्टर म्हणाली, “सर, एकदा आतून बघू या?”

सर चिडले. पेशंट ऐकतोय याचं भान त्यांना राहिलं नाही. “घाला. एकदा घालाच. म्हणजे यांची आणि तुमची, दोघांचीही शंका फिटेल.”

मी स्वेटर उचलून बाजूला ठेवला आणि यंत्र पुढे ओढलं.

आतून येणारं चित्र गोल असतं, खोल विहिरीत वाकून बघावं तसं. जाळीचे ठिपके त्यात चमकतात, आणि ते भिंतीला चिकटून गोलाकार दिसायला हवेत. नळी मागे येत गेली, चित्रं सरकत गेली, आणि मग एका जागी ते वर्तुळ चेपलं. जर्मनच्या वाटीला पडून पोचा यावा तसं. भिंतीत एका बाजूला पांढराशुभ्र, चुन्यासारखा कडक थर होता. त्याला अडून जाळी तिथे कधी उघडलीच नव्हती. ही चित्रं वाचायला न शिकलेल्या आमच्यासारख्यांनाही कळावं इतकं ते उघड होतं.

नव्या डॉक्टरनं चित्र तिथेच थांबवलं.

टेबलावरून चाचांनी विचारलं, “डॉक्टरसाहेब, सगळे गप्प का झालात?”

सर पडद्याकडे बघत होते. त्यांनी उत्तर टाळलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. पेशंटला टेबलावर असं काही सांगत नाहीत. पण ते चाचांच्या डोक्याशी आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, “चाचा, तुमचं खरं होतं. मी बसवलेली जाळी नीट उघडलेलीच नाही. मला बाहेरून दिसली नाही. आणि तुम्ही सांगत होतात ते मी ऐकलं नाही.”

चाचा छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी नाटक करत नव्हतो?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. घरात इतके दिवस सगळे म्हणत होते, डॉक्टर म्हणाले होते. होता होता त्यांचाही तसाच समज झाला होता. नंतर त्यांनी मला सांगितलं, की रस्त्यात छाती भरून आली की ते जवळच्या दुकानासमोर उभे राहून काचेतला माल बघायचे. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. दुखण्याची लाज वाटायला लागली होती त्यांना.

सरांनी जास्त दाबाचा फुगा मागवला. त्यांचा हात नेहमीसारखाच स्थिर होता. जाळी उघडली, पुन्हा आतून बघितलं, वर्तुळ गोल आलं. मग ते शिशाचा जड अ‍ॅप्रन न काढताच बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मुलाला झालेलं सगळं सांगितलं. तो “ठीक आहे साहेब, बरे झाले ना आता” म्हणाला. पण सरांचं तेवढ्यानं भागलं नाही. चाचा घरी गेल्यावर एका रविवारी ते मला म्हणाले, “सिस्टर, त्यांच्याकडे जायचंय. तुम्ही त्या दिवशी ओपीडीत होतात. तुम्हीही चला.”

दुकानाच्या वरच त्यांचं घर होतं. सगळे घरी होते. सर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, “त्या दिवशी मी यांना तुमच्या सगळ्यांसमोर खोटं पाडलं. म्हणून सगळ्यांसमोरच सांगायला आलो. खोटे ते नव्हते. चूक माझी होती. मला क्षमा करा.”

चाचा ओशाळून म्हणाले, “अहो, आधी बसा तरी. चहा टाक गं.”

चाची उठल्या नाहीत. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, तुम्ही बोललात, पण हसलो आम्ही. घरी येऊन रोज हसलो. तुम्ही आमच्याकडे माफी मागायला आलात. आम्ही कुठे जायचं?”

सर तेव्हा कुठे खाली बसले. सुनेनं चहा आणला, तो आम्ही सगळे खाली बघत प्यायलो.

त्यानंतर त्यांची ती टकटक बंद झाली. पेशंट बोलत असला की ते थांबायचे. “कुठे दुखतं? चालताना की बसल्यावर? पुन्हा सांगा.” ओपीडी संपता संपेना. बाहेरचे लोक कुरकुरायचे, “पूर्वीचे सर बरे होते, पटकन सोडायचे.” सर नव्या डॉक्टरशेजारी स्टूल ओढून बसायचे आणि आतली चित्रं वाचायला शिकायचे. विनोद मात्र गेले. टेबलावर पेशंट आला की खोली इतकी शांत असायची, की मलाच काहीतरी बोलावंसं वाटायचं.

आणि ते आठवायला लागले. ज्यांना ज्यांना ‘काही नाही’ म्हटलं होतं, त्यांतले जेवढे आठवतील तेवढे. एकेकाला स्वतः फोन करायचे. बहुतेक ठणठणीत निघाले. काहींना बोलावून पुन्हा तपासलं. एक दिवस कात्रजला फोन लावला. तिथल्या एका आजींना त्यांनी जाळी बसवली होती. नंतर दम लागतो म्हणून त्या आल्या, तेव्हा “वयाचं आहे, आजी” म्हणून परत पाठवल्या होत्या. फोन मुलानं घेतला. सरांना कानाला लावून नीट ऐकू यायचं नाही, म्हणून स्पीकर चालू होता.

“आई? आई गेली की साहेब. दिवाळीच्या आधी.”

“काय होत होतं त्यांना?”

“दम लागायचा. पर तुमी सांगितलं होतं ना, वयाचं हाय म्हून. मग आमी बी तसंच धरून चाललो. शेवटपत्तुर तुमचं नाव घ्यायची बगा.”

नवी डॉक्टर म्हणाली, “सर, वयानंही असेल. आता कळायला मार्ग नाही.”

“तेच ना,” सर म्हणाले. “बघितलं असतं तर कळलं असतं.”

पुढे ते निवृत्त झाले, आणि आता तेही नाहीत. शोकसभेला सभागृह पुरलं नाही. त्यांच्या हातावर लोक बोलले, विनोदांवर बोलले. चाचा शेवटच्या रांगेत होते. बोलले नाहीत, रडले. सभा घेणाऱ्यांनी मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं, पण मला जे सांगायचं होतं ते तिथे सांगता येण्यासारखं नव्हतं. ते इथे सांगते.

त्या फोननंतर काही दिवसांनी सर आणि मी कात्रजला गेलो होतो. “एकट्यानं जायचं धैर्य नाही,” ते म्हणाले होते. आजींच्या शेतावर आता इमारती उभ्या होत्या, घर नवं, दुमजली. तरी मागे दोन म्हशी राखल्या होत्या. डॉक्टर आले म्हटल्यावर आजूबाजूची माणसं गोळा झाली. सरांना खुर्ची दिली. पेलाभर दूध हातात आलं. आजींचा हार घातलेला फोटो समोर होता.

सर म्हणाले, “तुमच्या आईंना मी नीट तपासलं नाही. त्या सांगत होत्या ते मी...”

“काय बोलताय साहेब!” मुलानं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. जमलेल्यांकडे वळून म्हणाला, “बगा, एवढा मोठा डॉक्टर. माणूस गेल्यावर बी घरी येतो. देवमाणूस हाय.”

सरांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. तेवढ्यात सुनेनं लहान नातीला पुढं ढकललं. “पाया पड गं. आज्जीचे डॉक्टर हायेत.”

सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “नको, नको,” म्हणत तिला थांबवायला हात पुढे केला. पोरीला वाटलं, ते आशीर्वाद देताहेत. तिनं आपलं डोकं त्या हाताखाली आणून ठेवलं आणि शहाण्यासारखी थांबून राहिली. सगळे बघत होते. सरांना हात काढता येईना.

परतताना गाडीत ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

“सिस्टर, माफी मागायला गेलो होतो. आशीर्वाद देऊन आलो.”