मटार सोलणाऱ्या बाईंनी ऐकलेला भाव

झाशीत आमची मराठी घरात बोलायच्या उपयोगाची, आणि बाजारात भाव ठरवायच्या. माझी रीत ठरलेली होती. मी मुलीच्या मागे उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "चाळीसच्या वर जाऊ नको." मग ती दुकानदाराला हिंदीत खणखणीत सांगायची, "भैया, चालीस से एक रुपया ज़्यादा नहीं." दुकानदाराला मराठी कळत नसे. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी मागे सरते, त्यामुळे ही सोय मला फार बरी वाटायची. मुलीला मराठी सगळी कळते, पण तोंडात हिंदीच येते. दोघी मिळून आमचं एक माणूस पुरं व्हायचं.

गेल्या थंडीत तिला बबीन्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत नोकरी लागली. सकाळी जायला टेम्पो मिळतात. परत येताना मात्र तासतासभर सडकेवर उभं राहावं लागतं, आणि त्या दिवसांत शाळा सुटून सगळं आवरेपर्यंत अंधार पडायला लागतो. हे मालगाडीवर गार्ड आहेत, दोन-दोन दिवस बाहेर असतात. ड्युटीवर जाताना सांगून गेले, "सोमवारपर्यंत गाडीची सोय झाली तर जा. नाही तर शाळेला नाही म्हणून कळव." शाळेत घालायचे दोन कुर्ते मुलीने इस्त्री करून खुंटीला लावले होते. येता-जाता मला ते दिसायचे.

त्या रस्त्याचे खड्डे बघता लहान चाकांची स्कूटी नको, मोटारसायकलच हवी, असं तिचं म्हणणं होतं. चालवायला ती यांच्या एका मित्राच्या गाडीवर शिकली होती. नवी गाडी घेणं शक्य नव्हतं. जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडे दोन बघितल्या, दोन्ही नुसत्या रंगावर उभ्या होत्या. रविवारी सकाळी सदर बाजारामागच्या गल्लीत एका घरापुढे निळी मोटारसायकल दिसली. टाकीवर कागद चिकटवला होता, "बिकाऊ है".

मालक नोकरीतून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ, गळ्यात मफलर. पस्तीस हजार म्हणाले. गाडी अकरा वर्षांची. ओट्यावर उन्हात त्यांच्या बायको मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

यांनी मेकॅनिक घेऊन जा म्हणून बजावलं होतं. पण रविवारी मेकॅनिक कुठून आणणार? माझ्या वडिलांचं भुसावळला सायकलचं दुकान होतं. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती त्या दुकानात बसण्यासाठीच. चाक, चेन आणि दात एवढं मला हात लावला की कळतं. इंजिनाला मी फक्त तळवा लावून बघितला. गार होतं, म्हणजे आम्ही येण्याआधी तापवून ठेवलेलं नव्हतं. दुसऱ्या किकला सुरू झालं, धूर नाही. मुलगी छावणीपर्यंत चक्कर मारून आली ती हसतच. आठवड्यात पहिल्यांदा हसली. मी डोळ्यांनी दटावलं तिला. विकणाऱ्यासमोर असं हसतात का?

मग मी खाली बसले. मीटरवर एकोणीस हजार किलोमीटर होते. पण पाय ठेवायचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, आणि चेनच्या चक्रीचे दात आकड्यासारखे वळलेले. एवढ्याशा चालण्याने दात असे होत नाहीत.

मुलीच्या मागे जाऊन मी नेहमीसारखं म्हटलं, "मीटर मागे फिरवलंय. माणूस लबाड आहे. पंचवीसवर अडून बस. अगदीच नाही ऐकलं तर अठ्ठावीस."

"लबाड नाहीत हो ते," ओट्यावरून आवाज आला. "मीटर मध्ये कित्येक वर्षं बंदच होतं. मी म्हणत होते दुरुस्त करा, तर म्हणे, कुठं जायचंय ते मला ठाऊक आहे, किती झालं ते कशाला हवं?"

मी जागच्या जागी थिजले. मुलगी पदर ओढल्यासारखी ओढणी तोंडाशी धरून उभी, हसू दाबत.

गृहस्थ बायकोकडे वळले. "क्या कह रही हैं?"

"कह रही हैं, गाड़ी बहुत सँभाल के रखी है," बाई म्हणाल्या आणि शेंगेतले दाणे ताटात पाडले.

"सो तो है," ते खूश होऊन म्हणाले.

बाईंचं माहेर इथलंच, बड्या बाजाराकडचं, कित्येक पिढ्यांपासून झाशीत असलेलं मराठी घर. दिलेल्या घरी हिंदी. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तरी नवऱ्याला मराठीतलं 'पाणी'सुद्धा येत नाही, असं त्या म्हणाल्या. "अगो बाई, अशा घाबरू नका. मीसुद्धा धाकट्या बहिणीबरोबर बाजारात हेच करायचे." मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "पण अठ्ठावीस तुमच्याच तोंडून आलंय. ते मी आता कसं विसरू?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिचं हसू गेलं होतं. आम्ही घरून सत्तावीस घेऊन निघालो होतो. अठ्ठावीस मी उगाच, सवयीने बोलले होते. आता मागे लपायला काही उरलं नव्हतं. त्यांना लबाड म्हटल्याची लाज वाटत होती, आणि खुंटीवरचे कुर्तेही दिसत होते.

"चुकलं माझं," मी बाईंना म्हटलं. "मीटरचं खरं मानते. पण ऐकलंच आहे तर हेही बघा."

गाडी मोठ्या स्टँडवर घेतली आणि त्या गृहस्थांना हिंदीत म्हटलं, "भाई साहब, ज़रा बैठिए." इतकं मोठ्याने मी दुसऱ्या कोणाच्या अंगणात कधी बोलले नसेन. मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. एका जागी चेन ताठ होत होती, दुसऱ्या जागी लोंबत होती. दाताचं टोक त्यांच्या बोटाला लावून दाखवलं. चेन आणि दोन्ही चक्र्या एकदम बदलायला हव्यात, नुसती चेन घातली तर हे दात ती वर्षात खातील. पुढचा टायरही संपत आलेला. इंजिन मात्र चांगलं आहे, तेही सांगितलं. ते लपवणं आता बरं दिसलं नसतं.

ते बोट चोळत म्हणाले, "ये तो हमने कभी देखा ही नहीं." मग बायकोला म्हणाले, "तुम दोनों तय कर लो, हम चाय बनाते हैं." आणि खरंच आत गेले.

बाईंनी ताट बाजूला सरकवलं. "किती धरायचे?"

"मला पंचवीस बरोबर वाटतात."

"मला सत्तावीस. हेल्मेट देईन."

मी पंचवीसवर अडले. त्या सत्तावीसवर. मुलगी शेवटी वैतागून म्हणाली, "अरे, तो छब्बीस कर लो ना!"

"हिला मराठी कळते वाटतं," बाई म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो.

चहा आला तेव्हा भाव सव्वीसवर ठरला होता. कागदांवर सह्या झाल्या. दुपारी मुलगी मला मागे बसवून घरी आली. वाटेत चेन खडखडत होती.

सोमवारी ती त्या चेनवरच शाळेत गेली. मी चारपासून दारात होते. खडखड लांबून ऐकू आली तेव्हा आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, वाट बघत होते असं दिसू नये म्हणून. पुढच्या पगाराला चेन-चक्री बदलली, आता गाडी आवाज करत नाही. म्हणून ती गल्लीच्या कोपऱ्यावरच हॉर्न वाजवते.