दुसरी रिंग

दुपारचं चार वाजलं व्हतं, मी आरूला भरवत व्हते, आन फोनवर नाव आलं, 'आबा गोठा'. मी कट केला, कारण कटच करायचा असं आबांनी शिकवलं व्हतं, पोरीला उचललं, दाराला आतनं कडी घातली आन दुसरी रिंग येतीय का म्हणून फोनकडं बघत बसले… ती आलीच न्हाई. सव्वा महिना झाला त्याला.

आबा म्हंजी माझं सासरं. जुन्नरच्या बाजारात एका बोळात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान व्हतं, मग मोबाईल आलं तवा मोबाईलचं. गुडघं गेल्यावर महाळुंग्याला घरी आलं, दोन शेळ्या घेतल्या, पण हातातलं सोल्डरिंग काय सुटलं न्हाई. आमचा गोठा घरापासनं पन्नास-साठ पावलांवर, उसाला लागून. उसात बिबट्या आलेला, शेजारच्यांचं कुत्रं अंगणातनं नेलं, आन माझी पोर रांगती. मी भ्यानं अंगणात पाय ठेवत नव्हते. आबा म्हणलं, "थांब, तुला राखणदार देतो."

जुना बटनाचा फोन उघडला. त्यात दोनचं बटन दाबून धरलं की माझा नंबर लागायचा, त्या बटनाला दोन वायरी जोडल्या आन त्यांची टोकं कपड्याच्या चिमट्याच्या तोंडात बसवली. मधी प्लॅस्टिकच्या बाटलीची कापलेली पट्टी, आन पट्टीला नायलॉनचा दोरा, गोठ्याच्या दारातनं आडवा ताणलेला. दोऱ्याला धक्का लागला की पट्टी निसटणार, चिमटा मिटणार, मला फोन येणार. मी म्हणलं, "आबा, यवढं डोकं हाये, आन शेळीचं दावं तुमाला धड बांधता येत न्हाई." तर म्हणलं, "शेळीला वायर कुटं असती?"

मग मला समोर बसवून सांगितलं. "एक रिंग म्हंजी जनावर. दोन रिंगा म्हंजी मी, च्या ठेव. जनावराला काय पट्टी परत बसवता येत न्हाई, ते माणसाचंच काम."

"उचलू का?"

"उचलायचा न्हाई, कट करायचा. तू हॅलो हॅलो करत बसली तर दुसरी रिंग यायची कुटनं?"

"आन एकच आली, तुमी गोठ्यातच असला तर?"

आबांनी चिमटा दोनदा उघडमीट करून बघितला आन म्हणलं, "माझं मी बघतो. तुपलं पोर तू धर. कडी उघडायची न्हाई."

रोज चारला दोन रिंगा यायच्या. मी आरूला कडंवर घेऊन च्या न्यायचे, आबा बशीत ओतायचं, पयला बिस्किटाचा तुकडा बुडवून तिच्या तोंडात, मग आपला घोट. म्हणायचं, "बघ राव, आपली रेंज फुल हाये."

त्या दिवशी मी पाऊण तास कडी लावून बसले. शेळ्या वरडत व्हत्या, मला वाटलं वाघ आत हाये. आबांचा रोजचा फोन घरातच चार्जिंगला व्हता. ह्यांना लावला, हे पेठला गॅरेजात, म्हणलं निघालो. मी खिडकीतनं आबा, आबा अशा हाका मारल्या, पण बारीक… त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. हे आलं, काठी घेऊन पळालं. वाघ न्हाई, पायाचा ठसाबी न्हाई. आबा दारातच पडलेलं, एक हात चिमट्यावर, आन दुसऱ्या मुठीत पट्टी. पयली रिंग त्यांनीच दिली व्हती. दुसरीसाठी पट्टी परत बसवत व्हतं, हात चालला न्हाई…

डॉक्टर काय म्हणलं ते ह्यांनी मला सांगितलं न्हाई. मीबी इचारलं न्हाई.

आबा गेल्याचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी ह्यांना म्हणलं, एकदा दोरा वढा, मी उचलते. उचलला. शेळीचं घुंगरू ऐकू आलं, मागनं ह्यांचा श्वास ऐकू आला. यवढं साफ. म्हंजी मी उचलला असता तर…

बाया म्हणत्यात, त्यो फोन काढा, त्यात जीव अडकतो. आमी बौद्ध, आबांनी घरात कधी लिंबू-मिरची बांधू दिली न्हाई, म्हणायचं, "भुतंबितं काय नसत्यात, आदी वायर बघा." पण आता कुटंबी तशी रिंग वाजली, एसटीत दुसऱ्याच्या खिशात वाजली तरी माझा हात कडी शोधतो. आन कळत न्हाई, लावायची का उघडायची.

ऊस अजून हुबा हाये, म्हणून फोनबी तिथंच हाये. मीच चार्ज करते. काल चारला वाजला. 'आबा गोठा'. कडी लावली, आरूला छातीशी धरलं, पण कट न्हाई केला. उचलला. घुंगरू… पाला चावल्याचा आवाज… बाकी काय न्हाई. लई वेळ कान लावून हुबी राहिले. मग म्हणलं, "आबा, आले," आन फोन कट करून खाटंवर टाकला, दार उघडलं.

शेळी सुटली व्हती, दोरा तिच्या पायात. ह्यांनीबी दावं तसंच ढिलं बांधलेलं. आरू कडंवर, एकाच हातानं पट्टी बसवायला गेले, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. आन मग, का ते सांगता येत न्हाई, मीच दोरा वढला.

घरात खाटंवर फोन वाजला. दुसरी रिंग. आरूनं तिकडं बघून तोंड उघडलं, बिस्किटासाठी. मी घरात गेले, च्या ठेवला.