गंगूबाईचा फोटो

बाळांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "आजी, कॅमेऱ्याकडे बघ ना!" आणि मला आमचं पाली गावातलं अंगण आठवलं.

माझे आजोबा मूकपटांचे दिग्दर्शक. म्हातारपणी ते धनगरवाड्यावरच्या गंगूबाईचा फोटो काढत होते. तो तिच्या पलटणीतल्या लेकाला पाठवायचा होता.

ती आजोबांना म्हणाली, "आप्पा, काळा आला तर ल्योक म्हणंल, आयनं म्हशीचा फोटू धाडला!"

आजोबांनी मला तिच्या बाजूला उन्हात पांढरं धोतर धरायला लावलं. त्यावरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पसरला. त्यांच्या मूकपटांतले चेहरे असेच उजळत.

मग ते तिला म्हणाले, "माझ्याकडे नको. लेक त्या पायवाटेनं येतोय असं समजा, तिकडे बघा."

गंगूबाई पायवाटेकडे बघतच राहिली आणि आजोबांनी फोटो काढला.

समोर न बघितल्यानं फोटो बिघडला, असं तेव्हा मला वाटलं होतं. आता सांगते, मी कॅमेऱ्याकडे बघणार नाही. पडद्यावर तुम्ही दिसता, तिकडेच बघणार.