गार पाणी गेलं कुठं?

पंप बसवायला आम्हाला अर्धा दिवस पुरतो. तो पंप करतो काय, हे समजावून सांगण्यात मात्र माझा जन्म चाललाय! आणि सांगता सांगता मध्येच मलाही काही कळेनासं होतं, ते वेगळंच. असा एकेका घरातला एकेक घोळ साठत जातो. टपरीवर कुणी नुसतं "काय शरदभाऊ, नवीन काय?" म्हटलं, की मी सुरूच होतो.

आधी पंपाचं सांगतो, नाहीतर आमच्या गिऱ्हाइकांसारखे तुम्हीही माझ्या तोंडाकडे बघत बसाल. सोलर गच्चीवर, बाथरूम खाली. पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी गार पडतं. सकाळी गरमचा नळ सोडला की आधी ते सगळं गार येतं, गरम मागून. आमचा पंप ते गार पाणी नळातून बाहेर पडू न देता परत वर पाठवतो. बटण दाबा, थोडं थांबा, नळ सोडा. गरम! बस्स, एवढंच.

या भानगडीत मी पडलो बायकोमुळे. रेखाचे वडील, नाना, शिरपूरला एकटे राहतात. रिटायर्ड पीटी मास्तर. मागच्या थंडीत गार पाण्यानं आंघोळी करून करून न्यूमोनिया झाला, ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. डॉक्टरांनी चांगला दम भरला. तरी घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी नानांची गार पाण्यानं आंघोळ! का? तर म्हणे, "गरम येईपर्यंत बादलीभर पाणी मोरीत जातं. माझ्या हातनं पाणी वाया जाणार नाही."

रेखा रडकुंडीला आली. मला म्हणाली, "जळगावभर नळ जोडत फिरता, माझ्या बापाचं काहीतरी बघा! अजून एक थंडी अशी काढली तर ते राहायचे नाहीत." खोटं कशाला बोलू, मीही घाबरलो होतो. पण नानांच्या घरी प्रयोग नको, आधी चार ठिकाणी हात बसू दे, असं ठरलं.

*

माझा पार्टनर युसूफभाई, धुळ्याचा. पाइप जोडावा तर यानंच. पहिला पंप बसवून झाला आणि हा माणूस गच्चीच्या जिन्यात बसून राहिला.

"काय झालं, युसूफभाई?"

"शरदभाऊ, पाणी वरून खाली आलं. बरोबर?"

"बरोबर."

"आपण ते परत वर पाठवलं. आता ते परत खालीच येणार ना?"

"येणार."

"मग आपण सकाळपासून केलं काय?"

मीही त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

*

फैजपूरच्या एका केळीवाल्या भाऊंचा नवा बंगला. बंगला असा, की बाथरूमात जीप फिरवावी. भाऊंनी पंप तळहातावर घेतला.

"किती एचपीचा?"

मी सांगितलं, एचपी वगैरे नाही, बल्बाएवढी वीज खातो. भाऊंचा चेहरा पडला. तरी पंपाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, भावकी बोलावली. मी बटण दाबलं.

सगळे कान देऊन उभे! आवाजच नाही. या पंपाला आवाज नसतोच हो! पण यांच्या आयुष्यात पंप म्हणजे विहिरीवरचा, जो सुरू झाला की अख्ख्या शिवाराला कळतं. एकेक जण पुढे येऊन पंपावर हात ठेवून बघायला लागला, डॉक्टर नाडी बघतात तसा. तेवढ्यात नळाला वाफाळतं पाणी आलं. म्हटलं, आता तरी पटेल.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "पाणी झक्कास आहे. पण लोकं म्हणतील, भाऊंनी पंप बसवला आणि तो बंद आहे. आवाज करणारा नाही का तुमच्याकडे?"

*

धुळ्यात एक अक्का आहेत. धुळ्याला पाणी रोज कुठं येतं? त्यामुळे सकाळी गरमच्या नळातून आधी जे गार यायचं, ते अक्का बादलीत धरायच्या आणि त्यात भांडी घासायच्या. मुलानं हौसेनं पंप बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा युसूफभाईला फोन.

"मनं बठ्ठं पानी कोठे गयं रे भाऊ?"

"अक्का, तुमचं सगळं पाणी कुठं जाईल? गच्चीवरच आहे."

"गच्चीवर काय करतंय?"

युसूफभाई बिचारा धावत गेला. दुखऱ्या गुडघ्यांच्या अक्कांना हाताला धरून गच्चीवर नेलं, टाकीचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "हे बघा. एक थेंब कमी झाला नाही."

अक्का बराच वेळ टाकीत वाकून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यातलं माझं कोणतं?"

*

जळगावच्या एका बँकेतल्या साहेबांनी पंप बसवून घेतला तो मे महिन्यात. पंप सुरूच होईना! वायर बघितली, बटण बदललं, शेवटी पंपच बदलला. दुसराही ढिम्म. साहेब घड्याळाकडे बघतायत, मी घामाघूम.

मग लक्षात आलं. पाइपात गरम पाणी पोचलं की पंप थांबतो, तशी सोयच असते त्याला. आणि आमच्या जळगावच्या मे महिन्यात सगळे पाइप मुळातच तापलेले! पंपाला वाटायचं, गरम तर आलंय, मी कशाला फिरू?

साहेबांना नीट समजावलं. त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे पंप चांगला आहे?"

"एकदम चांगला."

"पण चालणार नाही."

"आत्ता गरज नाही ना, साहेब."

"मग ज्याची गरज आहे ते द्या ना! गार पाणी लवकर येईल असा आहे का?"

*

बोदवडला एक एकत्र कुटुंब. तक्रार काय, तर पंप असूनही गारच येतं. आम्ही जाऊन बघितलं. थोरल्यानं बटण दाबलं आणि लगेच नळ सोडला, गरम आलं का बघायला. गार! बंद केला. मग धाकट्यानं येऊन बघितलं. गार! मग वहिनींनी. असं बघता बघता सगळं गार पाणी मोरीत.

म्हटलं, "अहो, थोडं थांबा ना! बघू नका."

थोरला माझ्याकडे असा बघायला लागला, जणू चूक माझीच. "बघितल्याशिवाय कळणार कसं, आलं का नाही ते?"

*

दिवाळी झाली आणि आम्ही शिरपूर गाठलं. नानांनी दारातच सांगितलं, "फरशी फोडायची नाही." म्हणजे परतीचा वेगळा पाइप टाकणं आलंच नाही. जुन्या घरात मग एकच उपाय. गरमच्या लाइनीतलं पाणी गारच्या लाइनीतूनच मागे फिरवायचं. त्यात एक खोट आहे. गरम पाणी थोडं गारच्या लाइनीतही शिरतं. नाना बटण दाबणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या आंघोळीच्या वेळेचा टायमर लावून टाकला. गरमचा नळ सोडून दाखवला. लगेच कढत!

"नाना, आता थेंबभरही वाया जात नाही."

"हं," नाना म्हणाले. रेखाचा जीव भांड्यात पडला.

आठवडाभरानं शेजारच्या काकूंचा फोन आला. नाना गरमच्या नळाला हातसुद्धा लावत नाहीत. गारच्या नळाखाली बादली लावतात, भरली की डोक्यावर ओततात. पाणी वाया जाण्याचं निमित्तच होतं तर! नुसता हट्ट! रेखानं त्या दिवशी माझ्याशी, युसूफभाईशी, पंपाशी, सगळ्यांशी भांडण काढलं. मग एकटीच रडत बसली. फोनवर विनवण्या केल्या, डॉक्टरांकडून सांगून बघितलं. नाना ऐकतील तर शपथ!

मग ती कडाक्याची थंडी पडली. सातपुड्यावरून असं वारं सुटलं, की शिरपूरला माणसं उन्हातही कानटोपी काढेनात. आम्ही तिघं पहाटे जळगावहून निघालो. आम्ही घरात शिरलो आणि नाना बाथरूममधून बाहेर आले. नुसत्या पंच्यावर, अंग खसाखसा पुसत, चेहरा लालबुंद.

रेखा तडक आत गेली. बादलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं, त्यात तिनं हात घातला, मग गारचा नळ सोडून तोच हात त्याखाली धरून बघितला. मग बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं, युसूफभाईकडे बघितलं. ओढणीला हात पुसला आणि चहा टाकायला निघून गेली.

नाना खुर्चीत बसले. छाती ठोकून म्हणाले, "बघा, जावईबापू! एवढी थंडी, रोज गार पाण्यानं आंघोळ, आणि यंदा साधी शिंक नाही. सवय लागते अंगाला! तो तुमचा पंप काढून घेऊन जा. गरम पाण्याशिवाय चालत नाही अशा एखाद्या म्हाताऱ्याकडे बसवा!"