जुन्यानं वाळायचं

फौजेतनं परतलेल्या बिराप्पानं साताऱ्यातल्या घराच्या गच्चीवर दगड पेरलेत, अशी गल्लीभर थट्टा चालायची. लोकांचं तरी काय चुकलं म्हणा! लिथॉप्स नावाची ती झाडंच तसली. खड्यांच्या कुंडीत बोटाच्या पेराएवढी दोन फुगीर पानं, मधे चीर, बास. खडा कुठला नि झाड कुठलं ते पटकन कळायचं नाही. बिराप्पा भिंग लावून पाठीवरच्या रेघा बघायचा आणि जात सांगायचा. शेजारी उन्हाला बसलेली त्याची म्हातारी आई, अंबूबाई, तोंडाला पदर लावून हसायची. जतकडच्या माळावर मेंढरांमागं जन्म गेलेली बाई ती, तिला कसलं त्याचं अप्रूप!

त्या हिवाळ्यात मात्र घराचं हसू आटलं. अंबूबाईची नातसून सोनम पोटुशी होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढच होत नाहीये, असंच राहिलं तर काही खरं नाही.

तशातच एका झाडाची चीर उलली आणि आतून नवी जोडी डोकावली. जुनी पानं सुरकुतलेली बघून अंबूबाईनं तांब्या उचलला.

"आये, पाणी नगं!" बिराप्पा ओरडला. "नवं आता जुन्यातलंच पाणी पितंय. वरनं घातलंस तर जुनं वाळायचं न्हाई, आन् नवं वाढायचं न्हाई."

"म्हंजी जुन्यानं वाळायचं?"

"व्हय. तवाच नवं भरतं."

म्हातारी दिवस कलेपर्यंत त्या कुंडीकडं बघत बसली.

मग तिची भाकरी अर्ध्यावर आली. पुढं ताटच सरकवायला लागली. वय झालं, असं म्हणून बिराप्पानं मनाची समजूत घातली. दिवसभर ती सोनमच्या पोटावर हात ठेवून बसायची. एकदा सोनम सासऱ्याला हळूच म्हणाली, "मामा, आजींचा हात असला की बाळ लय फिरतं. काढला की गप हुतंय. मला भ्या वाटतंय." बिराप्पानं ते हसण्यावारी नेलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई चकितच झाल्या. बाळ चांगलं भरलं होतं! बिराप्पा सोनमला घेऊन आनंदानं घरी आला आणि सरळ आईच्या खाटेपाशी गेला. म्हातारीचे गाल आत गेले होते, ओठ उलले होते. उशाशी सकाळी ठेवलेला पाण्याचा पेला तसाच भरलेला.

"आये, हे काय मांडलंयस गं? अगं, ते झाडाचं हाय, मानसाचं न्हवं!"

"वाढलं का?"

"वाढलं, लय वाढलं. आता पी बघू."

"नगं. तूच सांगितलंस न्हवं?"

त्यानं रडत रडत तिची मान उचलली आणि पेला जबरदस्तीनं ओठांना लावला. एखादा घोट गेला असेल नसेल, तोच आतून सोनम किंचाळली, "मामा! बाळ हलंना झालंय!"

बिराप्पाचा हात आपसूक मागं आला. अंबूबाईनं तोंडातलं पाणी पदरात सोडून दिलं.

"हललं! हललं, मामा!" आतून सोनम हसत रडत होती.

हे खूळ हाय, निव्वळ खूळ, असं बिराप्पा स्वतःशी बडबडत राहिला. अंबूबाई डोळे मिटून पडली होती, ओठ सुकत चालले होते. पेला त्याच्या हातातच होता, पण त्यानं तो पुन्हा काही तिच्या तोंडाशी नेला नाही.